हवेलीतल्या सुनेच्या चिखल्या

पिपरटोला, ता. सालेकसा
६ जुलै २००९

मंगली,

पाकिटावरचं अक्षर पाहून फाडू नको. फाडायचंच असेल तर वाचून फाड. हुकूम सोडायचा माझा हक्क राहिला नाही, पण सवय जात नाही. तूच म्हणायची ना, "भूमेश्वरीबाई, तू त देवाले बी कामाले लावशील."

तुझा पत्ता दरेकसा स्टेशनवर मिळाला. सासूबाईंना घेऊन डोंगरगडला गेली होती. येताना गाडी दरेकसाला थांबली आणि तुझा भाऊ मनिराम खिडकीपाशी आला, जांभळांचे द्रोण विकत. मला ओळखून तो पुढच्या डब्याकडे वळला. मी हाक मारली. "कायले पाह्यजे तुले?" असं तोंडावर विचारलं त्यानं. तरी सांगितलं, की तू देवरीला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, साठ पोरींचा. सासूबाईंना काही वाटू नये म्हणून मी चार द्रोण जांभळं घेतली. घरी कोणी खाल्ली नाहीत.

फोन करता आला असता. पण आमचा फोन ओसरीत आहे, हे तुला माहीत आहे. आणि माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असता तर मी पुन्हा लावला नसता.

इकडे धानाची रोवणी सुरू झाली. मोठ्या बांधीत यंदा पण तेवीस बाया चिखलात उतरल्या आहेत. बोलणं-बिलणं चालतं, हसणं चालतं, पण गोष्ट कोणी सांगत नाही. निर्मलाबाई एकदा म्हणाल्या, "काही सांगा वो कोणी, दिवस जाऊन नाही राहिला." मी पऱ्ह्याच्या रोपांची पेंडी सोडत बसली.

गेल्या गुरुवारी टीव्हीवर दिल्लीच्या कोर्टाची, ३७७ कलमाची बातमी आली, तू पण पाहिली असशील. सासऱ्यांनी, मामाजींनी, लगेच चॅनल बदललं. मी पोळ्या लाटत होती. माझं लाटणं थांबलं ते सासूबाईंनी पाहिलं. तेव्हापासून पत्र लिहायचं डोक्यात आहे.

जे झालं त्यात टोल्यावरच्या वस्तीतल्या बायांनी तोंड सोडलं, सासूबाई भडकल्या आणि मी मधल्यामधे सापडली. तुला सगळं माहीत नाही. मी तेव्हा तापानं पडली होती.

माझी सोनिका चौथीत गेली. अंगणवाडीतल्या मंगलीमावशीचं नाव काढते अजून. उत्तर पाठव. पाकिटात पाठव.

भूमेश्वरी


पिपरटोला
२१ जुलै २००९

मंगली,

पोस्टकार्ड! काऊन वो? पाकीट मिळत नव्हतं का देवरीला?

चुन्नीलाल पोस्टमनची सवय तुला माहीत नाही असं नाही. ओसरीवर उभा राहून मोठ्यानं वाचतो तो, मामाजींचे डोळे कमी झाले तेव्हापासून त्याला हे कामच वाटतं. वाचलं त्यानं. "अर्ज कोणाच्या हातचा होता ते लिही. मंग बाकीचं वाचीन." खाली तुझं नावही नाही. मामाजींनी विचारलं, कोणता अर्ज? मी म्हटलं, बचत गटाचा. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

दोन दिवस तुझा असा राग आला की सांगता सोय नाही. मग कळलं, तू मुद्दाम केलं. ज्या घरात माझं झाकलेलं राहतं तिथं तू उघडं पत्र पाठवलं. बरं केलं, जा.

अर्जाचं सांगते. पण त्याआधी मला थोडं मागं जाऊ दे. तुला माहीत असलेलंच सांगणार आहे, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकलं नाही.

२००६ च्या पावसाळ्यात लोडशेडिंग संध्याकाळी सहा ते दहा होतं. गावात इन्व्हर्टर आमच्याकडे एकट्याकडे. सासूबाईंचे गुडघे चोळायला तू यायची, आठला त्या झोपी जायच्या. मामाजी आणि सोनिकाचे बाबा नऊपर्यंत राइस मिलवर. साडेआठला 'सात कमरों का घर' लागायचं. मी दिवाणावर, तू उंबऱ्याजवळ खाली.

टोल्यातल्या बायांना अंधारात काही दिसायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी बांधीत उतरलं की सुरू. "सांग ना वो सूनबाई, काल का झालं?" मला ओळीच्या मधोमध घेत, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू यावं. कमरेत वाकून, मागं मागं सरकत, रोपं खोचत मी अख्खा भाग सांगायची, चहा येईपर्यंत. बायांचे हात पण भराभर चालत. सोनिकाचे बाबा म्हणायचे, तुझ्या गोष्टीनं रोवणी दोन दिवस आधी आटोपते.

मोठी सून वसुंधरा, तिचा नवरा परदेशात. धाकटी चित्रा. दोघी एकमेकींकडे पाहायच्या आणि कॅमेरा त्यांच्याभोवती तीनदा फिरायचा, हवेनं पदर उडायचा, बासरी वाजायची. असं ते लोक नवरा-बायकोसाठी करतात, दीर-भावजयीसाठी नाही करत, मायलेकीसाठी नाही करत. या दोघींसाठी करायचे. मी बांधीत हे सांगितलं की निर्मलाबाई म्हणायच्या, "जावा असाव्या त अशा." मुन्नीबाई म्हातारी म्हणायची, मागच्या जन्मीच्या बहिणी असतील. आणि तू, उंबऱ्याजवळ बसून, एका संध्याकाळी म्हणाली, "ह्या जावा नोहोत."

मी म्हटलं, मग कोण आहेत?

"मले नाही माहीत. पण दुधरामनं मले कधी असं नाही पाह्यलं."

दुधराम, तुझा नवरा, हैदराबादेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा तू त्याचं नाव घेतलं होतं. मी दिवाणावरून उठून खाली तुझ्याजवळ येऊन बसली. तेवढंच. पण त्या घरात कामाला आलेल्या बाईजवळ मी कधी खाली बसली नव्हती.

त्या दोघींच्या मनात खरंच तसं होतं का, की आपणच ते पाहिलं? मला आजही नाही सांगता येणार. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात नसेलही. तुला दिसलं म्हणून मला दिसलं, आणि एकदा दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येईना.

पुढं पुढं त्या मालिकेत दागिन्यांची चोरी, वारसाचे कागद, हेच सुरू झालं. दोघी दिसायच्या पाच मिनिटं. मग मी भर घालू लागली. आधी नुसती नजर वाढवली. मग एखादं वाक्य. मग तुझी वाक्यं. माझ्या केसांना तेल लावता लावता तू म्हणाली होती, "मी इथं चोरावानी येतो, पण जाताना माझंच काही राहून जाते." ते मी चित्राच्या तोंडी घातलं, हिंदीत करून. निर्मलाबाईंनी चिखलाच्या मनगटानं डोळे पुसले. तू माझ्यापासून चौथी होती. तुझी मान वर झाली नाही, पण तुझ्या पुढची रोपं पार वाकडी गेली.

मग चिखल्यांचं. ऑगस्टात माझ्या पायाची बोटं सडली, चालवत नव्हतं. तू करंजीचं तेल कढवलं, हळद घातली, माझा पाय मांडीवर घेऊन एकेका बोटात लावलं आणि फुंकर घातली. सासूबाई झोपल्या होत्या. टीव्ही चालू होता, पाहत कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पण मी सांगून टाकलं. चित्रानं वसुंधराच्या चिखल्यांना तेल लावलं म्हणून.

मुन्नीबाई कंबर सरळ करून उभी राहिली. "अवो सूनबाई, हवेलीतल्या सुनेले चिखल्या कायच्या? ते का रोवणीले जाते?"

अख्खी बांधी हसली. मी पण हसली. म्हटलं, तिनं व्रत धरलं होतं, नऊ दिवस हौदात उभं राहून जप केला. चाललं. तू हसली नाही. संध्याकाळी आली तेव्हा उभ्या उभ्या म्हणाली, "माझं मले परत दे. लोकायपुढं नको मांडू."

मी म्हटलं, कोणाला कळते गं?

आणि परत मांडलं. रोज मांडलं. मला आवडत होतं, मंगली. तेवीस बायांच्या मधोमध वाकून मी ते बोलत होती आणि कोणी मला काही म्हणत नव्हतं, उलट अजून सांग म्हणत होत्या. घरात एक शब्द काढायची सोय नव्हती आणि बांधीत त्याला दाद मिळत होती. तू नको म्हटलं ते मी ऐकलं, समजलं, आणि केलंच. याला ताप-बिप काही नव्हता.

अर्जावर अंगठे मुन्नीबाईचा, निर्मलाबाईंचा, सगळ्यांचे होते. तुला दाखवला असेल तालुक्याला.

भूमेश्वरी


पिपरटोला
१४ ऑगस्ट २००९

मंगली,

तुझं काही आलं नाही. येणार नाहीच. विचारलं होतं ते सोडून मी बाकी सगळं लिहिलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर लोडशेडिंगची वेळ बदलली, संध्याकाळची लाइट राहू लागली. निर्मलाबाईंच्या घरी रंगीत टीव्ही आला आणि सगळा टोला तिथं बसू लागला. आता त्या खरी मालिका पाहणार हे मला कळत होतं, पण वाटलं, कोण लक्षात ठेवते.

तुळशीच्या लग्नाला त्यांच्याच अंगणात सगळ्या जमलो होतो. सासूबाई पण होत्या. निर्मलाबाई हसत हसत म्हणाल्या, "अवो सूनबाई, ह्या दोघी त एकमेकीच्या वैरी निघाल्या! चित्रानं वसुंधराच्या खिरीत काहीबाही कालवलं. तू सांगत होती ते कोणत्या चॅनलवर होतं?"

आधी सगळ्या हसल्या. मग एक एक आठवू लागली. चोरावानी येणारी चित्रा. केसांतलं तेल. कोणी म्हणालं, अन् ते चिखल्या? करंजीचं तेल? सासूबाईंचा चेहरा पाहिला मी. करंजीच्या तेलाची बाटली आमच्या घरात कोणत्या कोनाड्यात राहते आणि ती कोण काढते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पायाकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मला काय माहीत? मी त तेव्हा तापानं लवकर झोपायची. मंगली जे सांगायची तेच मी बांधीत सांगत होती. तिच्या डोक्यात काय आहे ते तिलाच विचारा."

कोणी मला विचारलंही नव्हतं, की हे तुझं आहे का. मीच धावत जाऊन तुझ्या अंगावर टाकलं. तू घरामागं पत्रावळी उचलत होती. भिंत कुडाची, तुला ऐकू गेलंच असेल. तू समोर आली तेव्हा हात धुतलेले होते आणि तू कोणाकडे न पाहता निघून गेली.

चार दिवसांनी अर्ज झाला. आमच्याच ओसरीत. "अंगणवाडी मदतनीस मंगली हिचं वागणं बरोबर नाही, लहान लेकरं तिच्याजवळ ठेवायला भीती वाटते." माझ्या हातचा होता. माझं अक्षर चांगलं, बारावी झालेली, बचत गटाचं सगळं मीच लिहिते, तर कागद माझ्याच पुढं आला. तू पाहिल्याबरोबर ओळखलं असेल. महिला मंडळाची सूचना मीच लिहून अंगणवाडीच्या भिंतीवर लावायची आणि तू बोट फिरवून वाचायची.

अजून एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र मी टाकणार नाही. सासूबाईंनी सांगितलं होतं, "ते बाई चांगली नाही असं लिही." मी लिहिलं, "सदर महिला लहान बालकांना सांभाळण्याच्या लायकीची नाही." लायकी हा शब्द माझा. कोणी मागितला नव्हता. अर्जात शोभून दिसेल म्हणून मी तो बसवला.

अर्ज गेल्यावर तू आमच्या अंगणात आली, त्या सकाळी मी आत होती. सोनिकाला म्हटलं, सांग, आई झोपली आहे. सहा वर्षांची होती पोरगी. सांगून आली. तू तिच्या रिबिनीची गाठ नीट केली आणि गेली, हे तिनंच मला सांगितलं. मग म्हणाली, "पण तू त जागी आहेस."

विचारलं त्याचं उत्तर हे.

भूमेश्वरी


पिपरटोला
२५ जुलै २०१०

मंगली,

वर्ष झालं. तुझं उत्तर नाही. मी वाट पाहायची नाही असं ठरवून रोज चुन्नीलालच्या सायकलकडे कान लावून बसते.

'सात कमरों का घर' उन्हाळ्यात संपली. शेवटच्या भागाला मी निर्मलाबाईंकडे गेली होती, सगळा टोला होता. वसुंधरा म्हातारी, चित्रा म्हातारी, पांढरे केस लावलेले. बाकी सगळे मेले नाहीतर परदेशी गेलेले. सातही खोल्यांना कुलूप लावून दोघी पायरीवर बसल्या. चित्रानं हात पुढं केला. कॅमेरा फिरला तीनदा, बासरी वाजली. इतकी वर्षं विष कालवून, कोर्टात भांडून, शेवटी लिहिणाऱ्यांना पण तिथंच यावं लागलं.

"जावा असाव्या त अशा" कोणी म्हटलं नाही. निर्मलाबाईंनी उठून पंख्याचं बटण उगाच बंद करून चालू केलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मला कळलं, की या सगळ्यांना आता दिसते. जे तुला उंबऱ्याजवळ बसून दिसलं होतं ते.

परवा मोठ्या बांधीत रोवणी होती. मी मधोमध जाऊन उभी राहिली. हातात पेंडी होती, ती खाली ठेवली. म्हटलं, चार वर्षांआधी मी जी गोष्ट सांगत होती ती टीव्हीतली नव्हती. मंगलीनं पण सांगितली नव्हती. ती माझी होती. मी खोटं बोलली आणि तिचं काम गेलं.

हात थांबले नाहीत. रोपं खोचल्याचा पचक पचक आवाज येत राहिला. मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग मुन्नीबाई वाकूनच म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"का म्हंजे? तुझीच होती म्हणून. आम्हाले टीव्ही नाही दिसला बाई, पण कान त होते. वसुंधराचं नाव घेताना तुझा आवाज जसा होत होता, तसा त्या टीव्हीतल्या बाईचा बी नाही होत."

"मग अंगठा कायले दिला?" मी ओरडलीच.

आता ती सरळ झाली. "मंग का तुझ्या नावानं देऊ? रोवणी तुमची. आंगणवाडीची खोली तुमच्या जागेत. पोट्ट्यायच्या दाखल्यावर सही तुझ्या मामाजीची. मंगलीचं कोण होतं गावात? कोणावर त जाणारच होतं ते. तू बोट दाखवलं, आम्ही तिकडे पाह्यलं."

निर्मलाबाई हळूच म्हणाल्या, "आता कायले उकरून राहिली सूनबाई? सगळं बरोबर चाललं आहे ना."

कोणी माझ्याशी भांडलं नाही, कोणी थुंकलं नाही. चहा आला, मला पण कप दिला. म्हणजे त्या तुळशीच्या लग्नात माझ्यावर विश्वास ठेवलेली एकही बाई नव्हती, मंगली. सगळ्यांनी मिळून माझ्या खोट्याला खरं मानलं आणि तुला गावाबाहेर काढलं.

आणि आता ऐक. मुन्नीबाईचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं. क्षणभर, पण वाटलं. मनात आलं, म्हणजे मी बोलली नसती तरी हिचं जाणारच होतं, मी काय मोठं केलं? कप हातात धरून मी हा हिशोब करत होती. मग मलाच माझी किळस आली आणि मी चहा बांधीत ओतून दिला. तू रागावशील, माझं तोंड पाहू नये म्हणशील, तर याच्यासाठी म्हण.

संध्याकाळपर्यंत सासूबाईंना कळलं. रात्री सोनिकाचे बाबा मिलवरून आले ते सगळं ऐकूनच. मी सोमवारी तालुक्याला जाणार आहे, अंगणवाडीच्या ऑफिसात. त्यांना सांगितलं तसं. ते म्हणाले, "जायचं तर जा. पण मग इथं कसं राहायचं ते तूच पाह्य."

भूमेश्वरी


आमगाव
१९ ऑगस्ट २०१०

मंगली,

वरचं गाव पाहून समजली असशील. मी माहेरी आहे. भाऊ तिलक काही विचारत नाही, भावजय थोडं थोडं विचारते. सोनिका तिकडेच आहे. शाळा बुडते म्हणून नाही पाठवली, असं तिचे बाबा म्हणतात. फोनवर बोलते ती. काल विचारत होती, "आई, तू कधी येशील?" मी म्हटलं, विचारते. कोणाला विचारते ते मलाच ठाऊक नाही. आतून तुटून राहिली आहे मी, पण ते तुझ्यापुढं मांडायचं नाही. तुझं तर कोणी विचारायला पण नव्हतं.

ऑफिसात गेली त्याचं सांगते. मॅडम नवीन होत्या. जुनी फाइल काढायला क्लार्कनं अर्धा दिवस लावला. सापडला अर्ज. तेवीस अंगठे-सह्या, आणि माझं ते सुंदर अक्षर. मॅडम म्हणाल्या, "चार वर्षं होत आली बाई. मदतनीस स्वतःच सोडून गेली. आता काय?"

मी म्हटलं, हे मी लिहिलं होतं.

"म्हणजे तक्रार खोटी होती?"

"तक्रारीतलं नाव खोटं होतं. बाया ज्या गोष्टीला घाबरल्या ती माझी होती."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग क्लार्कला दार लोटायला सांगितलं. चांगली बाई आहे, वाईट नाही बोलणार. आवाज खाली करून म्हणाली, "तुम्ही मोठ्या घरच्या. लेकरू आहे ना तुम्हाला? मी असं लिहिते, की गैरसमजातून तक्रार झाली होती. तिचं नाव साफ होईल, तुमचं पण काही जाणार नाही. चालेल?"

चालेल म्हणायला तोंड उघडलं होतं मी. खरं सांगते. इतकं सोपं होतं. पुन्हा तेच, सगळ्यांना कळेल पण म्हणायचं कोणी नाही. मालिकेत सहा वर्षं तेच केलं त्यांनी आणि आम्ही सगळ्या तेच पाहत बसलो.

मी म्हटलं, गैरसमज नव्हता. लिहा, मंगलीवर माझा जीव होता. ते बाहेर पडेल या भीतीनं मी तिच्यावर ढकललं. तिनं काही वावगं केलं नाही, लेकरांना ती चांगली सांभाळायची.

क्लार्क म्हणाला, "असंच लिहू?"

"असंच लिहा."

तू काय म्हणायची, तू काय केलं, त्यातलं एक अक्षर मी सांगितलं नाही. विचारलं त्यांनी, "अन् तिचं काय?" मी म्हटलं, तिचं तिला माहीत. या वेळी फक्त माझं सांगितलं.

लिहून झालं. वाचून दाखवलं. मी सही केली. मॅडम म्हणाल्या, नक्कल तुमच्या पत्त्यावर येईल, मदतनीस म्हणून परत यायचं असेल तर तिनं स्वतः अर्ज करावा. मी तुला ये म्हणत नाही. त्या गावात तू कायले येशील.

निघणार तेवढ्यात क्लार्कनं थांबवलं. छापील कागदावर एक रकाना राहिला होता, जबाब देणाऱ्याचं संबंधित महिलेशी नातं. त्यानं पेन तसंच धरून ठेवलं. "शेजारीण लिहू? का मालकीण?"

मी म्हटलं, ती जागा तशीच राहू द्या, ते मला एकटीला नाही सांगता येत.

भूमेश्वरी